पीसी आपोआप रिस्टार्ट होतोय? पार्ट बदलायच्या आधी हे बघा

पीसी मधेच आपोआप रिस्टार्ट होतो असं कुणालाही सांगा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं, फॉरमॅट मार. मग अर्धा दिवस बॅकअप घेण्यात जातो, उरलेला अर्धा विंडोज टाकण्यात आणि सगळी सॉफ्टवेअर परत बसवण्यात, आणि दुसऱ्या दिवशी जरा कुठे काम चालू केलं की स्क्रीन काळी, पंखे क्षणभर गप्प, समोर मदरबोर्डचा लोगो, म्हणजे ये रे माझ्या मागल्या. कारण अशा बऱ्याच केसेसमध्ये विंडोजचा काही दोषच नसतो. आणि उलटंही होतं बरं का, लोक नवा कोरा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय) घेऊन येतात आणि शेवटी निघतं काय, तर वायफायचा एक भुक्कड ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर.

म्हणून स्क्रूड्रायव्हर किंवा पेनड्राइव्ह हातात घ्यायच्या आधी एवढंच ठरवा की विंडोज स्वतः पडतंय, की विंडोज धडधाकट चालू असताना त्याच्या पायाखालची वीज तुटतेय. पहिल्या प्रकारात विंडोजला कळतं की काहीतरी बिघडलंय, ते ब्लू स्क्रीन (क्रॅशचा मेसेज असलेली स्क्रीन) दाखवतं, जमेल तेवढं लिहून ठेवतं आणि मग स्वतःच रिस्टार्ट मारतं. दुसऱ्या प्रकारात त्याला लिहायला वेळच मिळत नाही. दोन्ही बघताना सारखेच वाटतात, पण शोधायची दिशा पूर्ण वेगळी. तिसरा एक निरुपद्रवी प्रकार पण आहे, कुणीतरी रीतसर रिस्टार्टची ऑर्डर दिली, बहुतेक वेळा अपडेटने, तो आधी बाद करून टाकू.

पहिलं काम: ऑटो रिस्टार्ट बंद करा

विंडोजमध्ये क्रॅश झाल्यावर आपोआप रिस्टार्ट व्हायची सेटिंग आधीपासूनच चालू असते, त्यामुळे ब्लू स्क्रीन आली तरी ती वाचायच्या आत गायब होते आणि आपल्याला वाटतं पीसी असाच अचानक बंद पडला. स्टार्ट मेन्यूत अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज सर्च करा, जी खिडकी उघडेल त्यात अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये खाली स्टार्टअप अँड रिकव्हरी आहे, त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटोमॅटिकली रिस्टार्ट समोरची टिक काढा. तिथेच खाली डीबगिंग इन्फर्मेशनचा ड्रॉपडाऊन आहे, तो ऑटोमॅटिक किंवा स्मॉल मेमरी डंप यापैकी एकावर असू द्या (डंप म्हणजे क्रॅशच्या वेळी मेमरीत काय होतं त्याची फाइल), नन वर असेल तर पुढे वाचायला काहीच मिळणार नाही. आणि कुणी स्पीड वाढवायच्या नादात पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद केली असेल तर ती सी ड्राइव्हवर परत चालू करा, कारण डंप लिहायला विंडोजला तीच लागते.

आता पुढच्या वेळी झालं की बघा. स्क्रीनवर मेसेज येऊन पीसी तिथेच अडकून राहिला, तर विंडोज पडतंय. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर ही स्क्रीन निळी नाही तर काळी असते, त्यामुळे काळं दिसलं म्हणजे लगेच वीज गेली असं समजू नका, त्यावर अक्षरं आहेत का ते बघा, फोटो काढून ठेवा. आणि टिक काढलेली असूनही पीसी काही न बोलता सरळ लोगोवर गेला, तर बऱ्यापैकी खात्रीने प्रॉब्लेम विंडोजच्या खालच्या थरात आहे.

पीसी डेस्कटॉपपर्यंतच पोचत नसेल, म्हणजे लोगो, गोल फिरणारे ठिपके, परत लोगो असं चालू असेल, तर ठिपके दिसत असताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःहून रिकव्हरीचा मेन्यू दाखवतं. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन रिस्टार्ट केलं की आकड्यांची यादी येते, त्यात ९ नंबरला हेच ऑटो रिस्टार्ट बंद करायचं आहे आणि ४ नंबरला सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालणारं विंडोज.

इव्हेंट व्ह्यूअर घाबरायची गोष्ट नाहीये

ही विंडोजची नोंदवही आहे. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, मग विंडोज लॉग्ज आणि त्यात सिस्टीम. तिथे लाल-पिवळ्या खुणांचा ढीग दिसेल, त्यातल्या बहुतेकांकडे कानाडोळा करायचा, अगदी तंदुरुस्त पीसीत पण त्या असतात. आपल्याला चारच नंबर बघायचेत, म्हणून उजवीकडे फिल्टर करंट लॉग आहे तिथे ४१, ६००८, १०७४, १००१ असे स्वल्पविराम देऊन टाका.

१०७४ सापडला आणि त्याची वेळ रिस्टार्टच्या वेळेशी जुळली तर आनंद आहे, पीसीत बिघाड नाही. त्यातच लिहिलेलं असतं की कुठल्या प्रोसेसने, कुणाच्या नावाने आणि कशासाठी रिस्टार्ट मागितला. विंडोज अपडेट असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅक्टिव्ह अवर्स तुमच्या कामाच्या वेळेप्रमाणे लावा, जास्तीत जास्त १८ तास देता येतात, विषय संपला.

६००८ सांगतो की मागचा शटडाऊन अनपेक्षित होता, आणि त्याचा उपयोग म्हणजे त्याच्या मेसेजमध्ये पीसी साधारण किती वाजता गेला ते असतं. ४१ ची वेळ बघून फसू नका, ती परत चालू झाल्यानंतरची असते.

आता ४१, ज्याच्या सोर्समध्ये कर्नल-पॉवर लिहिलेलं असतं आणि ते पॉवर वाचून लोक थेट पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ४१ एवढंच म्हणतो की मी चालू झालो तेव्हा लक्षात आलं, मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं. वीज गेली तरी तो येतो, ब्लू स्क्रीन आली तरी येतो, पीसी हँग झाला म्हणून तुम्ही बटण दाबून धरलं तरी येतो. त्याला उघडून डिटेल्स टॅबवर जा, तिथे बगचेककोड नावाची ओळ आहे, खरी माहिती तिथे आहे. शून्य असेल तर विंडोजला क्रॅश नोंदवायची संधीच मिळाली नाही, म्हणजे वीज, रीसेट किंवा पूर्ण हँग. शून्य सोडून काही असेल तर तो ब्लू स्क्रीनचा कोड आहे, फक्त तो दशमान पद्धतीत लिहिलेला असतो, आणि नेटवर सगळीकडे हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत, पुढे ०एक्स लावून) मिळतो. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर टाकून बदलून घ्या, २९२ म्हणजे ०एक्स१२४, २७८ म्हणजे ०एक्स११६, १५९ म्हणजे ०एक्स९एफ. त्याच टॅबमध्ये पॉवरबटणटाइमस्टॅम्प पण असतो, तो शून्य नसेल तर पॉवर बटण दाबलं गेल्याची नोंद आहे, आणि तुम्ही दाबलं नव्हतं असं पक्कं आठवत असेल तर तो धागा सोडू नका, खाली त्यावर येतोच.

१००१ मध्ये तोच कोड सरळ हेक्समध्ये आणि डंप फाइल कुठे ठेवली ते मिळतं.

फिल्टर काढून एकदा डब्ल्यूएचईए-लॉगर नावाचा सोर्स पण शोधा. त्याचा इव्हेंट १८ म्हणजे हार्डवेअरने स्वतः फेटल एरर कळवलेली आहे, आणि त्यात प्रोसेसर एपीआयसी आयडी असा आकडा असतो. प्रत्येक वेळी आकडा एकच येत असेल तर प्रोसेसरचा तोच कोअर दगा देतोय, आणि त्यातही कुणी अंडरव्होल्ट किंवा कर्व्ह ऑप्टिमायझरशी (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायच्या सेटिंग्जशी) खेळलं असेल तर आधी ते सगळं डिफॉल्टला आणा.

हे सगळं रुक्ष वाटत असेल तर स्टार्टमध्ये रिलायबिलिटी हिस्टरी सर्च करा, दिवसाप्रमाणे तक्ता येतो, कुठल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं आणि कधीपासून लाल फुल्या चालू झाल्या ते एका नजरेत दिसतं. मला तरी वाटतं विंडोजमधली ही सगळ्यात दुर्लक्षित कामाची गोष्ट आहे.

बगचेक शून्य आलाय, म्हणजे बहुतेक वीज

इथे आतल्या पार्टकडे जायच्या आधी भिंतीपासून सुरुवात करा. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला करून पीसी थेट सॉकेटला लावा, एसएमपीएसच्या मागे जाणारी जाड केबल दाबून बसवा, बदलून बघा, मॉनिटरची सहसा तीच असते. यूपीएस असेल तर त्याच्यावर पहिला संशय घ्या. त्याची बॅटरी लेड-अ‍ॅसिडची असते, तीन ते पाच वर्षांत दम संपतो, आणि संपल्यावर तो रोजच्या वापरात अगदी व्यवस्थित दिसतो, फक्त व्होल्टेज जरा खाली आलं आणि त्याने बॅटरीवर उडी मारली की त्या क्षणी पीसी गेला. एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १२ ते १७ मिलिसेकंद स्वतःच्या जोरावर तग धरतो, चांगल्या यूपीएसला तेवढा वेळ पुरतो, मरायला टेकलेल्याला नाही. शिवाय यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलंय म्हणून तो ६०० वॅट देतो असं नसतं, बऱ्याच मॉडेल्समध्ये तो आकडा ३६० वॅटच्या आसपास असतो, ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीला ते पुरणार नाही. टेस्ट सोपी आहे, सगळं काम सेव्ह करा आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा, पीसी रिस्टार्ट झाला तर चोर सापडला.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक सेटिंग असते, रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस किंवा तशाच नावाची, वीज गेली आणि परत आली तर पीसीने काय करायचं, बंद राहायचं की चालू व्हायचं. ती पॉवर ऑफ वर टाका. आता बाहेरची वीज खरंच जात असेल तर पीसी बहुतेक वेळा बंद राहील, आपोआप चालू होणार नाही. बंद राहायला लागला तर बाहेर बघा, तरीही आपोआप चालू होत असेल तर आत बघा. अगदी निमिषभराचा झटका असेल तर यातूनही सुटू शकतो, म्हणजे शंभर टक्के पुरावा नाही, पण फुकटात दिशा मिळते.

आत आल्यावर एसएमपीएस. गेम चालू केला की दहा-पंधरा मिनिटांत रिस्टार्ट, किंवा लोडिंग स्क्रीन संपून गेम चालू होतो त्याच क्षणी रिस्टार्ट, आणि ब्राउझरवर दिवसभर काही नाही, हे लक्षण दिसलं की मी आधी तिकडेच बघतो. मोठी ग्राफिक्स कार्डं सरासरी जेवढे वॅट खातात त्याच्या जवळपास दुप्पट क्षणभरासाठी ओढू शकतात, म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० स्टँडर्डमध्ये एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या दुप्पट भार सहन करावा अशी अट टाकली. जुना किंवा हलक्या प्रतीचा एसएमपीएस कागदावर ६५० वॅटचा असला तरी त्या झटक्याला माघार घेतो.

हे तपासायला नवा एसएमपीएस विकत आणायची गरज नाही. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, तो कुठल्याही कंपनीच्या कार्डवर चालतो, त्यात पॉवर लिमिट खाली ओढून ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम तसाच खेळा. रिस्टार्ट थांबले तर संशय एसएमपीएस आणि त्याच्या केबलवर पक्का होतो. अजून खात्री हवी असेल तर ओसीसीटी नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसरची टेस्ट वेगळी चालवा, ग्राफिक्सची वेगळी, आणि मग पॉवरची जी दोघांना एकदम पळवते. वेगवेगळे दोघेही पास आणि एकत्र चालवल्यावर पीसी उडाला, तर आता अजून काय पुरावा पाहिजे. टेस्ट चालू असताना बाजूला बसून राहा, लावून झोपायला जाऊ नका.

केबलचं बघताना पीसी बंद, मागचा स्विच बंद, केबल काढलेली, आणि केसच्या धातूला हात लावून मग आत. मदरबोर्डची २४ पिनवाली रुंद केबल आणि वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची ८ पिनवाली, या दोन्ही काढून परत बसवा, क्लिप लागल्याचा टक आवाज आला पाहिजे. ती ८ पिनवाली कूलर आणि केसच्या छताच्या बेचक्यात असते, तिथे बोटं नीट पोचत नाहीत, म्हणून एका बाजूने बसलेली आणि दुसऱ्या बाजूने जराशी वर राहिलेली अशी बऱ्याचदा सापडते, टॉर्च मारून बाजूने बघितलं की प्लास्टिकच्या मधे फट दिसते. तशी केबल वर्षभर पण चालू शकते, आणि मग पिना तापून तापून सैल होतात आणि एके दिवशी लोडवर वीज तुटते. ग्राफिक्स कार्डला दोन ८ पिन लागत असतील तर एकाच केबलला लोंबणारी दोन टोकं लावू नका, एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा, एक ८ पिन कनेक्टर १५० वॅटसाठी असतो, दुप्पट भार एका केबलवर कशाला. आणि नवीन कार्डांचा तो १६ पिनवाला बारका कनेक्टर अर्धवट बसला तर वितळतो, तो शेवटपर्यंत आत गेलाय का ते डोळ्यांनी बघाच.

मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, पण मीटरवर बरोबर दिसलं म्हणून एसएमपीएस सुटला असं नाही, मिलिसेकंदाचा खड्डा मीटरला दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर तर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. आणि एसएमपीएसचा डबा काही झालं तरी उघडायचा नाही, केबल काढल्यानंतरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात, झटका जिवावर बेतू शकतो.

तापतोय का

गरम होऊन पीसी बंद पडतो हे खरंय, पण आजकालचा प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा स्पीड कमी करतो, पीसी रेंगाळायला लागतो, आणि तरी नाही भागलं तरच मदरबोर्ड वीज तोडतो, आणि तोडल्यावर बहुतेक वेळा बंदच राहतो. त्यामुळे आधी अजिबात स्लो न होता थेट रिस्टार्ट होत असेल तर उष्णतेवर फार वेळ घालवू नका. तरी एकदा एचडब्ल्यू इन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघून घ्या. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते, रायझन ७००० सीरिजच्या बहुतेकांची ९५, तिथपर्यंत जाऊन चिकटत असेल तर कूलर बघा. धूळ ब्लोअरने काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. लिक्विड कूलर असेल तर पंप चालतोय का ते बायोसमध्ये आरपीएमवरून कळतं, पंप मेला तर चालू केल्यापासून मिनिट-दोन मिनिटांत तापमान वर जातं. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळली असेल तर पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

रॅम: रोज नवा कोड

डंपमध्ये आज एक कोड, उद्या दुसरा, परवा तिसराच आणि दर वेळी वेगळ्या फाइलचं नाव, असं असेल तर ड्रायव्हरमागे पळू नका, रॅम बघा. ड्रायव्हर खराब असला तर तो सहसा त्याच जागी परत परत पडतो, रॅम खराब असली की जो त्या खराब जागेवर पाय ठेवेल तो पडतो. सगळ्यात आधी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला डब्यावरच्या स्पीडने पळवायची सेटिंग) बंद करा. डब्यावर ६००० लिहिलंय म्हणून तुमचा प्रोसेसर आणि बोर्ड ते झेपवतीलच याची गॅरंटी नसते, एक्सएमपी म्हणजे कायदेशीर ओव्हरक्लॉकच (ठरलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवणं) आहे. बंद करून पीसी चार दिवस शहाण्यासारखा वागला तर स्पीड एक-दोन पायऱ्या खाली लावा आणि पुढे चला.

नाहीतर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा, चार पास (फेऱ्या) होऊ द्या. विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नोस्टिक पण आहे, ती पटकन होते पण बारीकसारीक दोष तिच्या हातून निसटतात, तिने पास केलं म्हणून रॅम चांगली असं समजू नका. मेमटेस्टमध्ये मात्र एक जरी एरर आली तरी रॅम नापास, दोन-चार चालतील असं काही नसतं. मग एक-एक स्टिक वेगळी लावून बघा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे स्टिक खराब की स्लॉट ते कळेल.

विंडोज पडतंय हे ठरलं असेल तर

डंप फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाच्या फोल्डरात असतात. निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू त्या उघडून कोड आणि ज्याच्यावर संशय आहे ती ड्रायव्हर फाइल दाखवतं. जास्त खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी फुकट आहे, डंप उघडून वर येणाऱ्या अ‍ॅनालाइझच्या लिंकवर क्लिक केलं की बरंच काही सांगतं. फक्त नावात एनटी ओएस कर्नल (विंडोजचा गाभा) दिसलं म्हणून विंडोजला शिव्या घालू नका, बऱ्याचदा तो फक्त अपघाताच्या जागी सापडलेला असतो.

०एक्स११६ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर प्रतिसाद द्यायचा थांबला. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ग्राफिक्स ड्रायव्हर काढायचं सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर मुळासकट काढा आणि एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल जो असेल त्याच्या साइटवरून नवा टाका, नव्यानेच चालू झालं असेल तर एक जुनं व्हर्जन. ०एक्स९एफ म्हणजे पीसी स्लीपमध्ये जाताना किंवा त्यातून उठताना कुठला तरी ड्रायव्हर अडला, वायफाय, ब्लूटूथ, यूएसबी डॉक यांच्याकडे बघा. ०एक्स१२४ हा ब्लू स्क्रीन असला तरी हार्डवेअरची तक्रार आहे, वरच्या वीज-तापमान-ओव्हरक्लॉकवाल्या भागात परत जा. ०एक्स७ए किंवा ०एक्सएफ४ आले तर डिस्क बघा, आणि डिस्कची एक गंमत अशी की एसएसडीच मधेच गायब झाली तर डंप लिहायला जागाच नसते, त्यामुळे ब्लू स्क्रीन दिसते पण मिनीडंप फोल्डर रिकामं. क्रिस्टलडिस्कइन्फो लावून हेल्थ बघा, एसएसडी काढून परत बसवा, तिचं फर्मवेअर अपडेट करा, आणि बाकी काही करायच्या आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे कॉपी करा.

एखादा कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर किती उत्पात घालू शकतो हे १९ जुलै २०२४ ला अख्ख्या जगाने बघितलं, क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेट फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन पडली, त्यातली कितीतरी रिस्टार्टच्या चक्रात अडकली, आणि उपाय काय होता तर सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल डिलीट करणे. त्यामुळे अँटीव्हायरस, गेमचं अँटीचीट, व्हीपीएन, आरजीबी लायटिंगची सॉफ्टवेअर, मदरबोर्ड कंपनीची ट्यूनिंगची खेळणी, हे सगळे संशयित धरा आणि जे लागत नाही ते काढून टाका.

सिस्टीम फाइल खराब झाल्याची शंका असेल तर अ‍ॅडमिन टर्मिनलमधून आधी डीआयएसएमची रिस्टोरहेल्थ कमांड आणि मग एसएफसी स्कॅननाऊ चालवा, क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून फाइल घेतं तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करतं. सेफ मोडमध्ये तासनतास काही होत नसेल तर बाहेरचा ड्रायव्हर किंवा स्टार्टअपमधलं काहीतरी आहे, सेफ मोडमध्ये पण उडत असेल तर हार्डवेअर. आणि फॉरमॅटची हौस असेलच तर आधी लिनक्सचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह बनवून त्यावर दिवसभर काम करा, तिथेही रिस्टार्ट झाला तर फॉरमॅटचा दिवस वाचला.

लोड नसतानाच होतं त्याचं काय

हा वैताग प्रकार आहे, गेम तासभर चालतो आणि चहा घेऊन येईपर्यंत रिकामा बसलेला पीसी रिस्टार्ट झालेला. रिकामा असताना प्रोसेसर इतकी कमी वीज घेतो की काही जुन्या एसएमपीएसना तेवढा कमी भार सांभाळता येत नाही. रायझनच्या बऱ्याच बोर्डांमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाची सेटिंग आहे, ती टिपिकल करंट आयडल वर टाका, कितीतरी जणांचं यानेच भागतं. सोबत बायोस अपडेट करा आणि अंडरव्होल्ट काढा, अंडरव्होल्ट लोडवर टिकतो आणि आयडलला पडतो हे नेहमीचंच.

शटडाऊन केलं तरी रिस्टार्ट होत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, नेटवर्क कार्डच्या प्रॉपर्टीजमधलं वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून पीसी चालू करायची सोय) बंद करा. बऱ्याचदा तेवढंच असतं.

उरलेले चोर

वर पॉवर बटणाच्या नोंदीचं म्हटलं होतं. केसच्या पुढचं बटण अडकतं, आत धूळ चिकटते, आणि रीसेटचं बटण तर कुणी वापरत नाही म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात बारक्या पिनांवर पॉवर एसडब्ल्यू आणि रीसेट एसडब्ल्यू लिहिलेल्या वायरी असतात. पीसी चालू करा, आणि चालू झाल्यावर दोन्ही वायरी अलगद काढून ठेवा, शेजारच्या पिनांना धातूचं काही लागू देऊ नका, बंद करायचं तर स्टार्ट मेन्यूतून करा. आता होत नसेल तर बटण खराब, आणि रीसेटची वायर कायमची काढून ठेवली तरी काही बिघडत नाही.

यूएसबीची सगळी डिव्हाइस काढून फक्त कीबोर्ड-माऊसवर चालवून बघा, वाकलेल्या पिनांचा एखादा पोर्ट आत शॉर्ट होत असतो. नुकताच पीसी जोडला असेल तर मदरबोर्डखाली एखादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा धातूचा छोटा खांब) नको त्या जागी राहिला नाही ना ते बघा.

इंटेलचा १३ किंवा १४ जनरेशनचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, विशेषतः आय७ किंवा आय९, आणि गेम क्रॅश होणं, व्हिडिओ मेमरी संपल्याचे खोटे मेसेज, मधेच ब्लू स्क्रीन असं सगळं एकत्र होत असेल, तर तो स्वतःच झिजलेला असू शकतो. जास्त व्होल्टेज मागण्याचा हा दोष इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले, जे बायोस अपडेटमधून येतात, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट पुढची झीज थांबवायला आहे, झालेली भरून येत नाही, म्हणून लक्षणं चालूच राहिली तर वॉरंटीत बदलून घ्या.

लॅपटॉपमध्ये पर्याय कमी असतात. अ‍ॅडॉप्टर काढून फक्त बॅटरीवर चालवा, मग शक्य असेल तर बॅटरी काढून किंवा आतून डिस्कनेक्ट करून फक्त अ‍ॅडॉप्टरवर, कुठल्या बाजूला होतंय ते कळतं. स्क्रीन उघडझाप करताना किंवा लॅपटॉप उचलताना होत असेल तर आतली केबल, रॅम किंवा चार्जिंगचा जॅक सैल आहे. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर वापर तिथेच थांबवा, चार्जिंगला लावू नका.

हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं, कधी, त्यानंतर किती वाजता रिस्टार्ट झाला, तेव्हा काय चालू होतं ते कुठेतरी लिहून ठेवा. एकाच संध्याकाळी रॅम बदलली, ड्रायव्हर टाकला आणि बायोस अपडेट केला तर बरं कशाने झालं हे कळणारच नाही. आणि सगळं तपासून एसएमपीएस, रॅम, प्रोसेसर सुटले तर उरतो मदरबोर्ड, त्याची वेगळी अशी टेस्ट नसते, तो असाच बाकीचे बाद करत करत सापडतो. त्याच्यावर हात घालायच्या आधी बिल शोधा, वॉरंटी तीन वर्षांची असते बऱ्याच बोर्डांना, आणि क्लेम करताना ती लिहून ठेवलेली यादी आणि ब्लू स्क्रीनचे फोटो सोबत द्या, म्हणजे सर्व्हिस सेंटरवाले परत तुम्हाला फॉरमॅट मारून बघायला सांगणार नाहीत.